स्पिरिटनं पुसलेल्या तीन रेकॉर्डी

दौंडच्या रेल्वे कॉलनीत मी एकोणीस वर्षं काढली. सिग्नल खात्यात मेंटेनर. मूळ गाव शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या कडेला. बोलायला मी पहिल्यापासून कमी. बायको म्हणते, "तुमच्याकडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला बोल्ट फिरवायचा." त्यामुळे मी काही लपवून ठेवलं असेल असा संशय कुणाला कधी आला नाही. मी आठ वर्षं एक गोष्ट लपवून ठेवली होती.

कॉलनीच्या भिंतीला लागून एका रिटायर गार्डांनी स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधलेलं होतं. सगळे त्यांना आबा म्हणत. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी शिरूरला शिक्षिका. सदतीस वर्षं मालगाड्यांच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये बसून आबांचे कान गेले होते. अगदी गेले नव्हते. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं की त्यांना कळायचं. आमचं बोलणं असं चालायचं की पलीकडच्या लाइनीतल्या बायकांना आबांनी आज भाजी काय केली ते घरबसल्या समजायचं. त्यांच्या दारात मी पहिल्यांदा "जयभीम आबा" म्हणालो तर ते म्हणाले, "तोंड हललेलं दिसलं. जयभीम. आता आत ये आन् परत म्हण."

त्यांच्याकडं चावीचा एक ग्रामोफोन होता. त्याला ते पेटी म्हणत. पेटी त्यांच्या वडिलांची. वडील दौंडलाच बॉक्स पोर्टर होते, म्हणजे गार्डाची लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन ब्रेकव्हॅनपर्यंत पोचवायची आणि गाडी आली की उतरवून आणायची. ज्या गोऱ्या गार्डाची पेटी त्यांनी जास्त उचलली, तो देश सोडून जाताना त्यांना ग्रामोफोन आणि तीन रेकॉर्डी देऊन गेला. तिन्ही एकाच माणसाच्या. सहा बाजू. वडिलांनी आयुष्यभर त्याच सहा बाजू ऐकल्या. मुलगा गार्ड झाला त्या दिवशीही घरात त्याच वाजल्या म्हणे.

"कोण आहे हा?" मी पहिल्या रविवारी विचारलं होतं.

"चेलोवाला. मोठं फिडल असतंय, गुडघ्यात धरून वाजवायचं. पुढं जगभर नाव झालं ह्याचं. पण ह्या तवाच्या, जवा त्यो तरणा हुता. माईक नव्हता तवा. भोंग्यापुढं बसून वाजवायचं आन् भोंग्यातनं जेवढं जाईल तेवढं जाईल."

खरं सांगतो, मला ते आवडलं नव्हतं. आधी नुसती खरखर, तव्यावर मीठ टाकल्यासारखी. तिच्या मागं कुठं तरी लांब, बंद दाराआड कुणी सर्दी झालेला माणूस गुणगुणावा तसा आवाज. बायकोनं एकदा भिंतीपलीकडून ऐकलं आणि विचारलं, "आबांकडं कोण रडत होतं?" मी म्हटलं, कुणी नाही, संगीत आहे ते. ती म्हणाली, "मग आपला रेडा पण गवईच म्हणायचा."

तरी मी दर रविवारी जात राहिलो. एकटा माणूस, आमच्यातला, गावाकडच्यासारखं बोलणारा. आणि त्यांना माझी गरज होती. हात थरथरत होते, मोतीबिंदूनं डोळे धूसर झाले होते. म्हणून चावी ते भरायचे आणि रेकॉर्ड मी ठेवायचो, सुई मी टेकवायचो. मग आबा पेटीच्या लाकडावर डावा तळवा सपाट ठेवून बसायचे. कधी वाकून कानामागचं हाड झाकणाच्या कडेला टेकवायचे. त्यांना ते असं ऐकू यायचं, हातातून आणि हाडातून. खालचे सूर जास्त, वरचे जवळजवळ नाहीत. जे हाताला लागायचं नाही ते ते मला विचारायचे.

"आता काय करतोय?"

"चढतोय आबा!" मी कानात ओरडायचो.

"चढावच मला लागत न्हाई. वर गेला की हातातनं सुटतोय. उतरला की सांग."

आमची भाषा अशी रेल्वेची झाली. चेलोवाला थांबला की तो होम सिग्नलला उभा राहायचा. जोरात निघाला की स्टार्टर पडला, म्हणजे सुटायचा सिग्नल मिळाला. लांबट, हळूहळू खाली येणारं काही असलं की मी "घाट उतरतोय" म्हणायचो, आणि घाट म्हटला की आबा खूश. घाटात काढलेल्या नोकरीचे किस्से सुरू व्हायचे. मला कळून चुकलं की घाट म्हटला की पुढची दहा मिनिटं मला ऐकावं लागत नाही. कधी रात्रपाळी करून आलेलो असायचो, डोळे मिटायचे. तेव्हा त्यांनी विचारलं की मी सांगायचो, काहीही. "घाट आबा." "हां, ब्रेक लावला." त्यांना काय कळणार, असं मी मनात म्हणत होतो की नव्हतो, आता आठवत नाही. म्हणत असेन.

या रविवारांच्या चौथ्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरनं त्यांना तपासलं. कानात अजून थोडं शिल्लक आहे, म्हणाला. चांगलं मशीन लावा, रोज काही ना काही ऐकत राहा. कान वापरला नाही तर जे आहे तेही हातचं जाईल. डिसेंबरात मशीन बसवायचं ठरलं. आबांना आधी पटत नव्हतं. मग त्यांनीच एक हिशोब लावला. "जवर पेटी हाताला लागतीय तवर कानात काय तरी हाय. मशीनला तेवढं पुरंल." कसोटी अशी होती. डॉक्टरचा कागद एका बाजूला, पेटी एका बाजूला, आणि आबांचा विश्वास पेटीवर.

नोव्हेंबरात मुलगी शिरूरहून आली, त्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यायला घेऊन गेली. जाताना आबांनी घराची किल्ली माझ्याकडं दिली. "दुपारी मोकळा हायस न्हवं? पेटीची चावी जड झालीय. जरा तेल घाल. सिग्नलला घालतोस तसलं चांगलं तेल."

मी गेलो. पेटी उघडली, स्प्रिंगला तेल दिलं, चावी लोण्यासारखी फिरायला लागली. पुरे होतं तेवढं. पण काम चांगलं झालं की आपल्याला अजून काही करावंसं वाटतं. रेकॉर्डी बाहेर काढून पाहिल्या. वर्षानुवर्षांचा मळ बसला होता, रेषांमध्ये करडी धूळ. माझ्या पिशवीत स्पिरिटची बाटली होती.

आमच्या कामात स्पिरिट म्हणजे शेवटचा शब्द. रुळांच्या सांध्यावर गाडीचा मार्ग बदलणारी पॉइंट मशीन असतात, त्यांचे कॉन्टॅक्ट खराब झाले की गाडी उभी राहते. ते आम्ही स्पिरिटनं पुसतो. कापसाचा बोळा काळा होत जातो, मग करडा, मग पांढराच्या पांढरा येतो, तेव्हा कॉन्टॅक्ट साफ झाला समजायचं. नोकरीला लागलो त्या आठवड्यात मला हेच शिकवलं होतं. बोळा पांढरा येईपर्यंत थांबायचं नाही.

मी वर्तमानपत्र अंथरलं आणि पहिल्या रेकॉर्डीवर बोळा फिरवला. बोळा काळाभोर झाला. मला आनंद झाला. केवढा मळ! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसरा काळा. मी अजून स्पिरिट ओतलं. बोळा पांढरा येईना म्हणून मी रेटून रेटून पुसत राहिलो, तिन्ही रेकॉर्डी, सहाच्या सहा बाजू, तास सव्वा तास. मनात आबांचा चेहरा होता. आता त्यांना नव्यासारखं लागेल.

मग वाळायला ठेवल्या. उचलायला गेलो तर कागद चिकटून आला. रेकॉर्डीवर बातमीची अक्षरं उलटी उमटली होती. मी नखानं खरवडली. रेकॉर्डीची चकाकी गेली होती, पाटीसारखी मळकट दिसत होती. एक लावून पाहिली. सुई टेकली आणि पत्र्यावरून खिळा ओढावा तसा आवाज आला. नुसता आवाज. त्याच्या मागं कुणी नव्हतं. दुसरी लावली, तेच. मी स्वतःला समजावलं, ओलसर असतील. पाकिटात घालून होत्या तशा ठेवल्या आणि ते परतल्यावर किल्ली देऊन घरी आलो.

दोन दिवसांनी मी कॉलनीतल्या सुताराला सहज विचारल्यासारखं विचारलं, जुन्या रेकॉर्डी कशाच्या करायचे रे? तो रंधा थांबवून म्हणाला, "लाखेच्या. चपडा लाख. आपण पॉलिश करतो ना दरवाजाला, तीच."

"आणि त्याला स्पिरिट लावलं तर?"

"विरघळंल की. स्पिरिटात विरघळवूनच तर पॉलिश करत्यात. का, कुणी लावलं का काय?" तो हसला.

मी म्हटलं, नाही, असंच.

तेव्हा रविवार उजाडला तो मला सगळं माहीत असताना. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. चूक ती दुपारी झाली, तिच्याबद्दल मला कुणी माफ केलं असतं. रविवारी जे झालं ते चुकून झालेलं नाही.

आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. चावी भरून म्हणाले, "काय मऊ फिरतीय! गुण हाय तुझ्या हाताला." मी पाठ करून रेकॉर्ड ठेवली. चकाकी गेलेली त्यांना धूसर डोळ्यांनी दिसणार नव्हती, तरी पाठ केली. सुई टेकवली. तो खिळ्याचा आवाज सुरू झाला. आबांनी तळवा लाकडावर ठेवला. थोडा वेळ गेला. त्यांनी हात उचलून सदऱ्याला पुसला, परत ठेवला.

"लावलीस का?"

मी मान हलवली.

"सुई टेकलीय?"

"टेकलीय आबा!"

ते वाकले. कानामागचं हाड झाकणाला लावलं. डोळे मिटले. मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. ते बराच वेळ तसेच राहिले आणि मग वर न बघता म्हणाले, "नुसतं खरबरीत लागतंय. त्यो न्हाई."

मला एवढंच म्हणायचं होतं: आबा, रेकॉर्ड गेली, माझ्या हातून गेली. सहा शब्द. तोंड उघडलं. आणि मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडलो, "वाजतंय की आबा! छान वाजतंय!"

"वाजतंय?"

"घाट उतरतोय!"

आबा सरळ बसले. तळव्याकडं बघत राहिले, उलटा करून, सुलटा करून. "मग माझंच गेलं," म्हणाले. पोरक्या आवाजात वगैरे नाही, गाडी पंधरा मिनिटं लेट आहे असं सांगतात तसं. "उचल सुई. उगाच झिजवू नको." त्यांनी स्वतः झाकण लावलं आणि त्यावर घडी करून टॉवेल ठेवला. त्यानंतर दौंडच्या त्या घरात पेटी कधी उघडली नाही.

डिसेंबरात त्यांनी मशीनला नाही म्हटलं. मुलीनं समजावलं, रागावली, रडली. शेवटी तिनं मला फोन केला. "दादा, तुम्ही सांगा ना त्यांना. ते तुमचंच ऐकतात." मी म्हटलं, बघतो. गेलो आणि कानात ओरडलो, मशीन लावा आबा, डॉक्टर शिकलेला माणूस आहे.

आबा म्हणाले, "तूच म्हणलास न्हवं वाजतंय? वाजत असून हाताला लागत न्हाई, हाडाला लागत न्हाई. मग मशीन काय मढ्याला औषध करतंय?"

तेव्हा दुसऱ्यांदा संधी होती. मी म्हटलं, "तसं नाही आबा." आणि उठून आलो.

पुढं दोन वर्षांत उजवा कानही गेला. ओरडलेलं कळेना. मुलगी त्यांना शिरूरला घेऊन गेली. टेम्पोत सामान चढवायला मी होतो. पेटी मीच दोरीनं बांधली, चांगली घट्ट.

त्या चेलोवाल्याशी माझी खरी ओळख त्यानंतर झाली. एकदा कामासाठी डेमूनं पुण्याला चाललो होतो, पाटस सोडल्यावर फोन चाळत होतो. नाव आठवत होतं, रेकॉर्डीच्या लेबलवर वाचलेलं. टाकलं. पानंच्या पानं आली. म्हातारपणीची, सभागृहातली, आणि सगळ्यात खाली तरुणपणीची, भोंग्यापुढं वाजवलेली. इयरफोन कानात घालून लावलं. तीच खरखर. मी खिडकीबाहेर बघत होतो, उसाची तोड चालू होती. आणि त्या खरखरीतून तो आला.

इतके रविवार तो माझ्यापुढं वाजत होता आणि मी त्याला ऐकलं नव्हतं. तो घाई करत नव्हता. एकेक सूर तो पुढं ठेवायचा आणि त्यावरून हात काढून घ्यायचा. मागं पियानो होता, इतका लांब की शेजारच्या घरात कुणी वाजवतंय असं वाटावं. एका जागी, सूर बदलायच्या आधी, त्यानं नाकानं घेतलेला श्वास भोंग्यात गेला होता. माणूस मेला, भोंगा गेला, श्वास राहिला. माझ्यासमोर एक बाई डबा उघडून बसली होती, तिनं विचारलं, "दादा, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

तेव्हापासून मी ते रोज ऐकतो. आवड म्हणून म्हणता येणार नाही. ऐकलं की तो रविवार आठवतो, आणि न ऐकता राहवत नाही.

गेल्या जानेवारीत मुलीचा फोन आला. आबांना परत तपासलं होतं. आता काही शिल्लक नाही, डॉक्टर म्हणाला; तेव्हा मशीन लावलं असतं आणि सवय ठेवली असती तर एवढं झालं नसतं बहुतेक. हे सांगून ती म्हणाली, "जाऊ द्या दादा. दोष कुणाचाच नाही. त्यांचाच हट्ट."

हे वाक्य मला सोसलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी शिरूरची एसटी धरली. चौफुला, पारगाव, न्हावरे. उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी रखडत होती आणि मला बरं वाटत होतं, रखडू दे.

मुलीनं दार उघडलं. "अय्या, दादा! फोन तरी करायचा." आबा खिडकीशी खुर्चीत होते. बरेच वाळलेले. मला बघून हसले, मोतीबिंदू काढल्यामुळं आता लांबूनही ओळखलं. त्यांच्यापुढच्या टेबलावर फुलस्केप वही होती, तिला दोरीनं बांधलेलं पेन. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे वहीत लिहायचं.

"लिही," आबा मोठ्यानं म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते सगळंच मोठ्यानं बोलतात. "कॉलनीत कोण कोण हाय अजून? त्यो सुतार मेला का जिता हाय?"

मी पेन घेतलं. वाक्य एसटीतच ठरवलं होतं. लिहिलं आणि वही त्यांच्याकडं फिरवली. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. आबा वहीतलं मोठ्यानं वाचतात.

"रेकॉर्डी... मी... स्पिरिटनं पुसल्या," आबांनी वाचलं, एकेक शब्द, गार्डानं शिट्टी द्यावी तसा. "त्या माझ्या हातून... खराब झाल्या. तुमचा हात... बरोबर होता."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ.

आबांनी परत वाचलं, या वेळी मनात. मग विचारलं, "तिन्ही?"

मी मान हलवली.

"कवा?"

लिहिलं: बँकेत गेला होता त्या दिवशी.

त्यांनी दिवस मोजले, ओठ हलत होते. "म्हंजी त्या रईवारी तुला ठाव हुतं."

मी मान हलवली.

मुलगी म्हणाली, "दादा, मी तुम्हाला फोन केला होता. मशीनचं सांगा म्हणून."

"हो."

"तेव्हा पण माहीत होतं?"

"तेव्हा पण."

"काय म्हणतीय ती?" आबांनी विचारलं. कुणी लिहिलं नाही. मुलगी आत गेली आणि नळ सोडल्याचा आवाज येत राहिला.

आबा ओरडतील असं मला वाटलं होतं. मी त्यासाठीच आलो होतो बहुतेक. ते म्हणाले, "आन् बाकीच्या रईवारी? चढतोय, उतरतोय, ते समदं तरी खरं हुतं का?"

हे मी ठरवून आलो नव्हतो. 'हो' लिहिता आलं असतं. इतकं सांगितल्यावर तेवढं एक त्यांच्याकडं राहू द्यावं असंही वाटलं. मग लिहिलं: काही खरं. बरंच बनवलेलं. झोप यायची.

"घाट?"

मी लिहिलं: घाट नाही.

"कुठंच?"

लिहिलं: सहा बाजूंत कुठंच नाही. असता तर मला आत्ता माहीत असता. फोनवर मिळतात, मी रोज ऐकतो.

आबांनी वही मांडीवर घेतली. म्हणाले, "मला हाताला घाट कवाच लागला न्हाई. चार वर्षं. तू म्हणायचास घाट, आन् मी हात दाबून बघायचो. सपाट. एकसारखं सपाट चाललेलं. मी म्हणायचो, ह्याला ऐकू येतंय, मला न्हाई, तवा घाट असणारच, माझाच हात चुकतोय. त्या रईवारी मग मला नवल न्हाई वाटलं."

मी आठ वर्षं एका रविवारचं ओझं घेऊन फिरत होतो. ते एका रविवारचं नव्हतंच.

"माफ कर-बिर काय लिहू नको," आबा म्हणाले, कारण मी पेन उचललं होतं. "फोन हाय न्हवं? लाव. कानात घाल. आन् जे हाय ते लिही. बनवलंस तर बघ."

मी पहिली बाजू लावली. ऐकत लिहीत गेलो. सुरुवातीला पियानो, एकटा, थोडा वेळ. मग चेलो येतो, खालून. एक सूर लांबवतो. परत तोच. वर जातो पण फार नाही. सपाट चालतो. इथं श्वास घेतो. पियानो थांबतो, हा थांबत नाही. संपलं.

आबांनी वाचलं. "एवढंच?"

एवढंच, लिहिलं.

त्यांनी मान डोलावली. 'सपाट' या शब्दाखाली त्यांनी पेनानं रेघ मारली. मग दुसरी बाजू. ती लिहून होईपर्यंत त्यांची मान खाली आली होती. मुलीनं येऊन सांगितलं, "आता पुरे. थकलेत." ती माझ्याकडं बघत नव्हती. चहा तिनं टेबलावर ठेवला, हातात दिला नाही. मी निघालो तसे आबा म्हणाले, "चार राहिल्या. घरून लिहून पाठव. हिच्या फोनवर."

मी तीन लिहून पाठवल्या. प्रत्येकीला आठवडा लावला, दहादहा वेळा ऐकून. मुलीचं उत्तर एवढंच यायचं: दाखवलं.

सहावी राहिली आहे. तिसऱ्या रेकॉर्डीच्या मागच्या बाजूचं लेबल फार पूर्वीच घासून गेलं होतं, त्यावर अक्षर उरलं नव्हतं. त्या माणसाच्या तरुणपणीच्या जेवढ्या मिळतात तेवढ्या मी ऐकल्या. ती त्यातच कुठं तरी असेल, दोनदा तीनदा माझ्या कानावरून गेलीही असेल. पण ओळखायची कशी? ती बाजू लावून मी चहा टाकायला आत जायचो आणि बाहेर येऊन कानात "उतार लागला आबा" म्हणून ओरडायचो. ती मी एकदाही ऐकलेली नाही. म्हणजे 'सहा बाजूंत कुठंच नाही' हेही मी वहीत पाचच ऐकून लिहिलं होतं. जिच्यावर ती होती ती रेकॉर्ड मी बोळा पांढरा यावा म्हणून पुसत बसलो होतो.

मुलीचे तीन मेसेज येऊन पडले. बाबा विचारतात, सहावी? चौथ्याला मी सहावीचं हेच, वर लिहिलं तसं, सगळं टाइप केलं. चहाचं सुद्धा. पाठवलं.

थोड्या वेळानं तिचं आलं: हे त्यांना दाखवू?

दाखवा, मी लिहिलं.